पॉलिश न झालेली पेटी

मी पेटी बोलतेय. पेटी म्हटलं की तुम्हाला भजनातली बाजाची पेटी आठवेल, नाहीतर लेकीच्या लग्नात देतात ती कपड्यांची. मी त्यातली कुठलीच नाही. माझ्या पोटात एक मोठा गोल स्पीकर आहे आणि वरच्या कप्प्यात काचेचे दिवे लावलेलं एक यंत्र. गिटार वाजवणारा माणूस वायरीने गिटार मला जोडतो, मग त्या तारांचा बारीक आवाज माझ्यातून मोठा होऊन निघतो. इंग्रजीत मला कॅबिनेट म्हणतात. पण ज्यांच्या हातांनी मी घडले ते मला पेटीच म्हणायचे, म्हणून मीही तेच नाव धरून बसलेय.

मी सागवानी, भरीव. दोन माणसांशिवाय हलत नाही. बहरीनच्या मनामा शहरातल्या एका घरात, दुसऱ्या मजल्यावर, चार वर्षं झाली एकाच कोपऱ्यात उभी आहे. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस एकच विचारतो, "एवढं चांगलं लाकूड आणि पॉलिश का नाही केलं?" ऐकून ऐकून कंटाळा आला. म्हणून आज एकदाच सगळं सांगून टाकते.

माझं लाकूड इथल्याच अराद गावातल्या एका जुन्या घराचं. दाराची चौकट होते मी. किती वर्षं, ते माझं मलाच आठवत नाही. खारा वारा खाऊन वरून राखाडी पडले होते. पंचाण्णव साली ते घर पाडलं. पाडणाऱ्या माणसांबरोबर जैनुद्दीन मिस्त्री आले होते. त्यांनी मला नखाने जरासं खरवडलं, नाक लावून वास घेतला आणि घरमालक म्हाताऱ्या अरबाला खुणेनेच विचारलं, नेऊ का? म्हातारा हात झटकून म्हणाला, "यल्ला, यल्ला. खलास." झालं. माझा मालक बदलला.

जैनुद्दीन मूळचे मंडणगडकडचे. गावी असताना त्यांनी दारं केली, पाळणे केले, शेजारच्या हिंदूंच्या घरचे देव्हारेसुद्धा केले. बहरीनला आल्यावर मात्र कंपनीने त्यांच्या हातात शटरिंगची फळकुटं आणि खिळ्यांचा डबा दिला. सिमेंट ओतायच्या आधी लाकडाचा साचा ठोकायचा आणि सिमेंट सुकलं की तोच साचा उपटून टाकायचा. चार वर्षं हेच. बायकोला ते एकदा म्हणाले, "इथं माझा काम कोणाला दिसतच नाय गो. दिसायच्या आधीच मोडतात."

सलील त्यांना असाच भेटला. तो पुण्याचा, बँकेत हिशेबनीस, आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर गिटार वाजवणारा. त्याच्या घरचं न्हाणीघराचं दार फुगलं होतं, ते तासायला जैनुद्दीन गेले. तिथे कोपऱ्यात गिटारीचं जुनं यंत्र होतं. त्याच्या खोक्याचं रेक्झिन दमट हवेने सालीसारखं सोललेलं, आतली प्लाय फुगून भाकरीसारखी टरारलेली. सलील म्हणाला, "मिस्त्री, याला नवं घर बांधून द्याल का? पण भरीव लाकडाचं हवं. मी म्हातारा झालो तरी हे टिकलं पाहिजे."

टिकलं पाहिजे! हा शब्द जैनुद्दीननी चार वर्षांत ऐकला नव्हता. त्यांनी त्याच दिवशी होकार दिला आणि मला अरादहून जिदहफ्स भागातल्या आपल्या खोलीवर आणलं.

आता ती खोली. एक खोली, पुढे अरुंद स्वयंपाकघर, एक खिडकी आणि त्या खिडकीत एसी. त्या खोलीत जैनुद्दीन, त्यांची बायको आबिदा आणि चौदा महिन्यांची अल्फिया. मायलेकी सहा महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. बाप रजेवरून परतल्यावर ही जन्मलेली, म्हणून त्याने लेकीला पहिल्यांदा पाहिलं ते विमानतळावर. लेक त्यांना बघून रडली आणि ते लेकीला बघून.

कंपनीबाहेरचं काम करायची परवानगी नव्हती, त्यामुळे मला गच्चीवर नेता येईना. सगळं काम खोलीतच, ड्युटीवरून आल्यावर, दार लावून. बाहेर उन्हाळा असा की खिडकीचा पत्रा हाताला चटका द्यायचा, मग खिडकी कोण उघडणार? जैनुद्दीन रंधा मारायचे, पटाशीने खाचा काढायचे, पॉलिश पेपरने घासायचे. माझा भुसा हवेत उडायचा, एसीच्या वाऱ्यावर गोल फिरायचा आणि सावकाश खाली बसायचा. भांड्यांवर, चादरीवर, अल्फियाच्या दुधाच्या बाटलीवर.

माझे कोपरे त्यांनी एकही खिळा न मारता जोडले. दोन हातांची बोटं एकमेकांत घालावीत तसे दाते एकमेकांत बसवले. बसवताना ते कधी गुणगुणायचे, कधी एकटेच हसायचे. आबिदा भाकरी थापता थापता बघायची. तिने नवऱ्याला असं हसताना निकाहानंतर पहिल्यांदाच बघितलं होतं.

आणि तेव्हाच अल्फियाचा खोकला सुरू झाला.

आधी साधा वाटला. मग तिच्या छातीत कोणी बारीक शिट्टी वाजवावी तसा आवाज यायला लागला. मी तेव्हा नुसती रिकामी पेटी होते, पाठीमागून उघडी. रिकाम्या लाकडात आवाज भरतो. आबिदा तिला माझ्याच शेजारी निजवायची, त्यामुळे तिचा श्वास माझ्या पोटात मोठा होऊन मला ऐकू यायचा. आत घेताना जरा बरा. सोडताना मात्र ओढून ओढून, करकर करत. आबिदा तिच्या छातीवर तळवा ठेवून बसून राहायची. दिवसातून तीनदा फरशी ओल्या फडक्याने पुसायची. माझ्यावर ओली चादर टाकायची, आणि जैनुद्दीन यायची वेळ झाली की ती काढून घडी घालून ठेवायची. पोर निजली की हिची पाठ भिंतीला टेकायची, पण डोळे मिटायचे नाहीत. दमलेल्या माणसाला झोपही येत नाही, हे मी तिच्याकडे बघून शिकले.

वर राहणारी रत्नाबाई तिला दवाखान्यात घेऊन गेली. रत्नाबाई महाडची, इथे एका शाळेत आया होती. तोंडाने तिखट, पण पायात चपला घालायला कधी उशीर नाही करायची. परत आल्यावर दोघी माझ्याजवळच बसल्या.

"डॉक्टर काय बोलला ते नवऱ्याला सांग," रत्नाबाई म्हणाली. "धूल नहीं चाहिए, पॉलिश की बास नहीं चाहिए. मी होते ना तिथं. का मीच सांगू?"

"नको गो. मी बघते."

"काय बघतेस? ही सवत आणून ठेवलीय घरात, तिला बघतेस?" असं म्हणून तिने मला एक चापट मारली. मला लागली नाही. पण वाईट वाटलं.

आबिदा सांगणार नाही हे मला ठाऊक होतं. तिच्या सासूने निघताना बजावलं होतं, "मरद दमून आला की दाराशी रडगाणा लावायचा नाय." आणि ही सवय काही आजची नव्हती. गावाहून बहरीनला जी पत्रं यायची, बोलणं भरलेल्या ज्या कॅसेटी यायच्या, त्यांत सगळं खुशालच असायचं. छप्पर उडालं तरी खुशाल, सासरा आजारी तरी खुशाल. परक्या मुलखात एकटा राबणाऱ्या माणसाला कशाला घोर? आबिदाने लग्नानंतर अशी कितीतरी पत्रं लिहिली होती. आता नवरा हाताच्या अंतरावर बसायचा, तरी ती पत्रातल्यासारखंच बोलायची.

"अल्फिया कशी हाय?" जैनुद्दीन आल्या आल्या विचारायचे.

"बरी हाय."

"खोकते का गो?"

"एसीचा वारा लागला असंल. तुमी जेवून घ्या."

ते जेवायचे आणि माझ्यापाशी बसायचे. फसवत ती नव्हती, आणि ते बेफिकीर नव्हते. पण पोर मधल्या मध्ये ओढली जात होती.

दोन आठवड्यांचं काम दोन महिने चाललं. जोडणी केव्हाच झाली होती. पॉलिश बसेना. जैनुद्दीनना गावच्या पद्धतीचं पॉलिश करायचं होतं, लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या बोळ्याने, हातावर हात. तयार डब्यातलं वॉर्निश लावा म्हणून दुकानदाराने सांगितलं तर ते चिडले. "ते दारांना लाव. ही काय दार हाय?" दहा-बारा हात दिले की मी आरशासारखी व्हायची, आणि ऑगस्टची दमट हवा लागली की सकाळपर्यंत अंगावर दूध सांडल्यासारखे पांढरे डाग उठायचे. मग पुन्हा सगळं घासून काढायचं. पुन्हा भुसा, पुन्हा स्पिरिटचा वास. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा मला घासून उघडी केली तो मंगळवार होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवी लाख लावायची होती.

बुधवारी दुपारी अल्फियाला दम लागला. जैनुद्दीन ड्युटीवर. त्या दुपारचं मला फार बोलवत नाही. तिच्या बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती, आणि ओठ जांभळट झाले होते. आबिदाने रत्नाबाईला बोलवायला लाटणं घेऊन छताला ठोकलं. रत्नाबाई धावत आली. दोघी टॅक्सीने गेल्या.

दीड-दोन तासांनी परत आल्या. अल्फिया वाफ घेऊन खांद्यावर झोपली होती. आबिदाने तिला रत्नाबाईच्या मांडीवर दिलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, तुमच्या फोनवरनं एक फोन लावू द्या."

"कोणाला? नवऱ्याला?"

"नाय. पेटीवाल्या साहेबाला."

चार वाजायच्या आत सलील आला, बरोबर एक पिकअप आणि त्याचा ड्रायव्हर. मला बघून तो बुचकळ्यात पडला.

"वहिनी, फोनवर म्हणालात पेटी तयार आहे."

"तयारच हाय. सांधे बघा. आत बोट घालून बघा."

"ते झकास आहेत हो, पण पॉलिश?"

आबिदाने पदर डोक्यावर ओढला. तिला खोटं बोलता येत होतं ते फक्त नवऱ्याशी. परक्या माणसापुढे ते टिकलं नाही. दारातच, उभ्या उभ्या, तिने सगळं सांगितलं. जूनपासूनचा खोकला, डॉक्टर काय म्हणाला, आज दुपारी काय झालं. शेवटी म्हणाली, "तुमी घेऊन जा साहेब. पण याना सांगू नका. त्याना चार वर्षांत एवढाच एक काम मिळाला होता मनासारखा."

सलीलने माझ्या दोन्ही कडांना हात लावून अंदाज घेतला. रत्नाबाईच म्हणाली, "आता बघत काय राहिलात? उचला. का बँकेत नोटांपेक्षा जड काही उचलायची सवय नाही?"

मी तशी निघाले. उघडी, भुशाने माखलेली. जिन्यावर माझा एक कोपरा भिंतीला घासला. आबिदा दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मी तिला दोष देत नाही.

त्याच संध्याकाळी सलीलने जुन्या खोक्यातून यंत्र आणि स्पीकर काढून माझ्यात बसवले. स्क्रू आवळले, गिटार जोडली आणि एक तार छेडली. माझ्या अंगातून पहिल्यांदा आवाज निघाला. चांगला निघाला असावा, कारण सलील हसला आणि शेजारच्या खोलीतल्या बायकोला ओरडून म्हणाला, "निधी, ऐक हे!" मला काहीच आनंद झाला नाही. माझ्या कानात अजून ती शिट्टीच वाजत होती.

तेवढ्यात दारावर थाप पडली. जैनुद्दीन. अंगावर कामाचेच कपडे, बुटांवर सिमेंट.

"साहेब, पेटी परत द्या. बायकोनं चुकून दिली. ती पुरी झाली नाय."

"अहो मिस्त्री, आत तरी या. आवाज ऐका आधी."

"आवाज नको मला. असा उघडा काम मी कोणाला देत नाय. पिकअप आणलीय खाली. आठ दिवस द्या फक्त."

सलील आधी काहीबाही बोलत राहिला. काय घाई आहे, असू दे, मला अशीच आवडते. पण जैनुद्दीननी मला दोन्ही हातांनी धरलं तेव्हा त्याच्याच्याने राहवलं नाही.

"मिस्त्री, नेऊ नका हो. वहिनी सांगू नका म्हणाल्यात, पण सांगतो. मुलीला दम लागतो. आज दुपारी दवाखान्यात नेली होती. डॉक्टरांनी सांगितलंय, धूळ नको आणि पॉलिशचा वास नको."

जैनुद्दीनचे हात माझ्यावरच राहिले.

"कोणाच्या मुलीला?"

"अहो, तुमच्या."

"बरी हाय म्हणाली ती. रोज इचारतो मी."

"जूनपासून चाललंय म्हणाल्या."

"जूनपासून," जैनुद्दीन म्हणाले. मग खाली फरशीवरच बसले. निधीने पाणी आणलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं. पीत नव्हते. मग म्हणाले, "तुमाला सांगितलान. मला नाय सांगितलान."

सलील बिचारा गोंधळला. त्याने सुचवलं, "असं करू. पॉलिश इथेच करा. आमच्याकडे मोठी बाल्कनी आहे, लहान मूल नाही. दर शुक्रवारी या, हवे तेवढे दिवस घ्या. तुमचंही काम पुरं होईल."

मला वाटलं, सुटले. जैनुद्दीन उठले. त्यांनी माझ्या माथ्यावरून तळवा फिरवला, धारेपर्यंत नेला आणि तिथेच थांबवला. तो तळवा मला पाठ होता. मग त्यांनी आपल्या शर्टाची बाही नाकाशी नेली.

"नको साहेब. वास कपड्याला लागतो. हातालाही राहतो दोन दोन दिवस. घरी जाऊन मी तिलाच उचलणार ना?"

"कपडे बदलून जा. साबण आहे, सगळं आहे."

"असू द्या. अशीच राहू द्या."

ते पिकअप रिकामीच घेऊन गेले. घरी गेल्यावर दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी तिथे नव्हते.

नोव्हेंबरमध्ये व्हिसा संपायच्या आदल्या शुक्रवारी तिघंही निरोप घ्यायला आली. आबिदाने तळलेल्या गोड खाजुरीचा डबा आणला होता. अल्फिया चालायला लागली होती. ती धडपडत थेट माझ्या मागे आली, माझ्या उघड्या पाठीत तोंड घातलं आणि "आ!" करून ओरडली. मी तो "आ" तिला परत दिला. तिला मजा वाटली. पुन्हा ओरडली. ती श्वास घ्यायची तेव्हा मी अगदी कान लावून ऐकलं. आत गेला, बाहेर आला. स्वच्छ.

निधीने चहा देताना विचारलं, "आता कशी आहे मुलगी?"

"बरी—" जैनुद्दीननी सुरुवात केली.

आबिदाने मध्येच तोडलं. "सोमवारी थोडा दम लागला होता. हवा बदलली ना. दोनदा वाफ दिली. आता बरी हाय, पण गावी गेल्यावर चुलीच्या धुराची भीती वाटते मला. सासूबाईना सांगायला हवा, पोरीला चुलीपाशी नेऊ नका म्हणून. त्या रागावतील."

"सोमवारी मीच घेऊन गेलो होतो," जैनुद्दीन म्हणाले. "अर्धी ड्युटी सोडून. आईला मी लिहितो चुलीचा."

"तुमी लिहा, आणि मी तोंडानं पण सांगीन."

"मग तर आई घराबाहेरच काढतील तुला."

"काढू द्या. इथं परत येईन. तुमी पेट्या बनवू नका म्हणजे झाला."

सगळे हसले. जैनुद्दीनही हसले, पण माझ्याकडे बघून नाही. निघताना ते माझ्या जवळून गेले आणि त्यांचा हात उचलल्यासारखा झाला. मग त्यांनी त्याच हाताने अल्फियाला कडेवर घेतलं.

त्याला चार वर्षं झाली. जैनुद्दीन अजून इथेच शटरिंग ठोकतात. मधे एकदा सलीलचं दार पुन्हा फुगलं तेव्हा आले होते, खिशात गावचं पत्र होतं. सलीलने विचारल्यावर त्यांनी ते काढून वाचून दाखवलं. पावसात अल्फिया दोन वेळा आजारी पडली, एकदा महाडपर्यंत न्यावी लागली, आबिदाला स्वतःला कणकण आहे, छपराची कौलं फुटलीत, मागच्या आठवड्यापासून पोर शाळेत जायला लागली आणि पहिल्या दिवशी रडली नाही. जैनुद्दीन वाचता वाचता दोनदा थांबले. खुशालीची पत्रं ते असे थांबत थांबत वाचत नसत.

आता माझी काय अवस्था सांगू? उघड्या लाकडावर चहाच्या पेल्याचे गोल डाग पडलेत. दमट महिन्यांत मी फुगते, थंडीत आकसते. सांधा मात्र एकही हललेला नाही. माझ्यातून पुष्कळ गाणी गेली, आणि खरं सांगते, दमले आहे. सलीलचं बहरीनमधलं काम संपलं, तो आणि निधी पुढच्या महिन्यात पुण्याला परत चाललेत. मी जड, विमानात कोण नेणार? काल एका हॉटेलात वाजवणारा माणूस मला बघायला आला होता. त्यानेही तेच विचारलं, आणि म्हणाला, "मी पॉलिश करून घेतो."

तुम्ही जे कोणी मला न्याल, तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. वाजवा, हवं तेवढं मोठ्याने वाजवा. पण पॉलिशचा डबा आणायच्या आधी घरात विचारा, कोणाला त्रास तर होत नाही ना. आणि आतून उत्तर आलं, "नाही, सगळं बरं आहे," तर काम लगेच सुरू करू नका. जरा जवळ जाऊन बसा, आणि पुन्हा एकदा विचारा.